थॉ केलेलं (गोठवून परत वितळवलेलं) भ्रूण जगलं नाही, तर नेमकं काय झालेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३३. मागच्या वर्षी आयव्हीएफ केलं. बीजांची संख्या खूप होती, ओव्हरी सुजण्याची भीती होती, म्हणून डॉक्टरांनी ताजं ट्रान्सफर (भ्रूण लगेच गर्भाशयात सोडणं) टाळलं आणि पाचव्या दिवसाचे तीन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी झालेली, वाढलेली भ्रूणं, फ्रीज केले. आता गोळ्या घेऊन लायनिंग, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर, छान तयार झालं, आणि ट्रान्सफरच्या दिवशी सकाळी लॅबमधून फोन आला की थॉ केलेलं भ्रूण जगलं नाही, ट्रान्सफर रद्द. दोन उरली आहेत. लॅबची चूक झाली का? उरलेली दोन जगतील का? वर्षभर ठेवल्यामुळे खराब झालं का? जगलं तरी बाळात काही दोष राहील का? दवाखाना बदलावा का?

ताई, मी दवाखान्यातली डॉक्टर नव्हे, लॅबमधली माणूस आहे. भ्रूणं गोठवणं आणि वेळ आली की ती परत वर काढणं हे माझं रोजचं काम. तुम्हाला आला तसा फोन करायची वेळ आमच्यावरही येते. तो फोन बहुतेक जण एका वाक्यात आटोपतात, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात मग महिनाभर तेच वाक्य फिरत राहतं. तुम्ही त्या एका वाक्यावर थांबू नका. त्या सकाळी मायक्रोस्कोपखाली काय दिसलं याची नोंद लॅबच्या थॉ-शीटवर असते, असायलाच हवी. तुमच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्या कागदावर आहेत. ती माझ्याकडून मिळणार नाहीत, पण तो कागद कसा वाचायचा हे मी सांगू शकते.

आधी आकडा. व्हिट्रिफिकेशनने, म्हणजे बर्फ होऊ न देता अतिवेगाने, गोठवलेला चांगल्या प्रतीचा ब्लास्टोसिस्ट थॉ केल्यावर जगण्याचं प्रमाण आज चांगल्या लॅबमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर असतं. दवाखान्यात हाच आकडा सांगतात आणि ऐकणारा तो "म्हणजे जगणारच" असा घरी घेऊन जातो. पण तुमची भ्रूणं तीन होती. प्रत्येकाची शक्यता ९५ टक्के धरली तर तिन्हीच्या तिन्ही जगण्याची शक्यता ८६ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे तीन भ्रूणं ठेवलेल्या दर सात जोडप्यांपैकी एकाला, लॅबने सगळं नीट करूनही, कधी ना कधी एक भ्रूण गमवावं लागणार. तुमच्या वाट्याला ते पहिल्याच वेळी आलं. उरलेल्या दोनांचा हिशेबही तसाच करता येतो: दोन्ही जगण्याची शक्यता ९० टक्के, आणि निदान एक तरी जगण्याची ९९ टक्क्यांच्या वर.

मात्र या हिशेबात एक मेख आहे. प्रत्येक भ्रूणाचं नशीब वेगळं आहे असं धरून तो केलेला आहे. तुमची तिन्ही बहुधा एकाच दुपारी, एकाच व्यक्तीने, एकाच किटमधल्या द्रावणात गोठवली. पहिलं भ्रूण स्वतःच कमकुवत असल्यामुळे गेलं असेल तर वरचा हिशेब खरा. त्या दुपारीच काही बिनसलं असेल, तर तो दोष उरलेल्या दोघांनाही लागलेला असू शकतो. म्हणून पहिलं का गेलं हे विचारणं म्हणजे झालेल्या गोष्टीची उकरणी नव्हे. पुढच्या दोघांबद्दल काय ठरवायचं ते त्यावर अवलंबून आहे.

आता गोठवताना होतं काय ते सांगते, कारण त्याशिवाय "का गेलं" हे कळणार नाही.

पेशीला खरा धोका थंडीपेक्षा बर्फाचा. पेशीत मुख्यतः पाणीच असतं. ते गोठलं की त्याचे स्फटिक होतात आणि पेशीचं नाजूक आवरण फाडतात. हा बर्फ टाळता येतो हे पहिल्यांदा नीट कळलं ते १९४९ मध्ये, इंग्लंडमध्ये. ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लिसरॉल घातलं की शुक्राणू गोठूनही जगतात असं आढळलं. त्यातून जनावरांचं कृत्रिम रेतन जगभर पसरलं. आपल्याकडे उरुळी कांचनच्या बायफ या संस्थेने गोठवलेलं वीर्य गोठ्यांपर्यंत पोचवलं. त्यामुळे शेतकरी घरातली जोडपी लॅबमध्ये आली की नायट्रोजनच्या टाकीचं त्यांना नवल वाटत नाही. शहरातला इंजिनिअर नवरा "बॅकअप जनरेटर आहे का?" म्हणून विचारतो, आणि गावाकडचे सासरे विचारतात, "नायट्रोजन कधी भरता?" सासऱ्यांचा प्रश्न जास्त बरोबर असतो. त्याकडे पुढे येते.

भ्रूण शुक्राणूपेक्षा कितीतरी मोठं, त्यात पाणी जास्त, म्हणून ते अवघड. उंदराची भ्रूणं गोठवून जिवंत परत मिळाली ती १९७२ मध्ये. माणसाच्या बाबतीत आपल्याकडच्या एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांच्या प्रयत्नातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जी मुलगी जन्मली, ती गोठवून ५३ दिवस ठेवलेल्या भ्रूणातून, असं त्यांनी नोंदवलं होतं. सरकारी समितीने तो दावा फेटाळला, आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममधल्या टेस्ट ट्यूब बाळामागे डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर असलेले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांच्या नोंदी अभ्यासल्या, आणि भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा मान त्यांचा आहे असं १९९७ मध्ये जाहीरपणे मांडलं. स्वतःच्या नावावरचा पहिलेपणा असा कोणी सहसा सोडत नाही. जगाच्या नोंदींत गोठवलेल्या भ्रूणातून झालेलं पहिलं बाळ मेलबर्नचं, मार्च १९८४ मधलं.

तेव्हाची पद्धत सावकाश गोठवण्याची होती. यंत्रात मिनिटाला अंशाचा काही भाग इतक्या संथ गतीने तापमान उतरवत न्यायचं, बर्फ पेशीच्या बाहेर होऊ द्यायचा, आत नाही. त्यात जगण्याचं प्रमाण बरंच कमी असे आणि प्रत्येक तुकडीत ते वेगळं निघे. अमेरिकेत १९९२ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांतून २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जुळी झाली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. तेव्हा पाच भ्रूणं थॉ केली होती आणि त्यातली तीनच ट्रान्सफर करण्याजोगी निघाली. बातमीतला हा भाग फारसा कोणी लक्षात ठेवत नाही.

आता आम्ही करतो ते व्हिट्रिफिकेशन. उंदराच्या भ्रूणावर ते १९८५ मध्ये जमलं. माणसाच्या लॅबमध्ये ते रुळवण्यात जपानच्या मासाशिगे कुवायामा यांचा वाटा मोठा. यात बर्फ होऊच द्यायचा नसतो. साखरांब्याची कैरी साखरेत पाणी सोडून आक्रसते, तसं भ्रूण आधी दाट द्रावणात ठेवून त्यातलं पाणी बाहेर काढायचं आणि त्याजागी इथिलीन ग्लायकॉल आणि डीएमएसओ ही संरक्षक द्रव्यं आत जाऊ द्यायची. पहिलं द्रावण सौम्य, त्यात साधारण १० ते १५ मिनिटं. दुसरं दुप्पट तीव्र आणि साखर घातलेलं, त्यात जेमतेम मिनिटभर. मग भ्रूण अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद अशा पातळ पट्टीवर, थेंब जवळजवळ नाहीच इतक्या कमी द्रवात ठेवायचं आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं. हजारो अंश प्रति मिनिट या वेगाने ते गार होतं. पाण्याला स्फटिक बांधायला वेळच मिळत नाही, सगळं काचेसारखं घट्ट होतं.

दुसऱ्या द्रावणातलं ते मिनिट हा या सगळ्या कामाचा नाजूक भाग. कमी वेळ राहिलं तर पाणी आत उरतं आणि बर्फ होतो. जास्त राहिलं तर तीच संरक्षक द्रव्यं विष ठरतात. पट्टीवर थेंब मोठा राहिला तर गार होण्याचा वेग पडतो. खोलीचं तापमान दोन-तीन अंशांनी बदललं तरी द्रावण आत शिरण्याची गती बदलते, म्हणून मे महिन्यात लॅबचा एसी बिघडला तर आम्ही घड्याळाकडे नव्हे, भ्रूणाच्या आकाराकडे बघून काम करतो. हे हाताचं कौशल्य आहे. यंत्र विकत घेऊन ते येत नाही.

ब्लास्टोसिस्टची एक अडचण वेगळी. पाचव्या दिवशी भ्रूणाच्या आत पाण्याने भरलेली पोकळी तयार झालेली असते. भ्रूण जितकं फुगलेलं, तितकं आत पाणी जास्त, तितका बर्फाचा धोका जास्त. म्हणून आम्ही लेझरचा एक बारीक ठिपका देऊन ती पोकळी आधी रिकामी करतो, भ्रूण फुग्यासारखं बसतं, आणि मग गोठवतो. तुमचं भ्रूण ४एए किंवा ५एबी अशा ग्रेडचं असेल, म्हणजे चांगलंच फुगलेलं असेल, तर हे केलं होतं का ते विचारा. सगळ्या लॅब करत नाहीत.

थॉ करण्याचं काम त्याच्या उलट, आणि लोकांना वाटतं तसं ते हळुवार नसतं. फ्रीजरमधून काढून टेबलावर ठेवायचं आणि वाट बघायची, असं केलं तर भ्रूण हमखास मरेल. वर येताना तापमान मधल्या टप्प्यातून सावकाश गेलं तर काचेसारख्या घट्ट द्रवातच बर्फाचे स्फटिक तयार होतात. जाताना टळलेला बर्फ येताना गाठतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं आहे की गार करण्याच्या वेगापेक्षा तापवण्याचा वेग जास्त महत्त्वाचा आहे. म्हणून पट्टी नायट्रोजनमधून काढली की डोळ्याचं पातं लवेपर्यंत ३७ अंशांच्या दाट साखरेच्या द्रावणात गेली पाहिजे. तिथे एक मिनिट, मग कमी साखरेच्या द्रावणात काही मिनिटं, मग साध्या द्रावणात. साखर अशासाठी की पाणी एकदम आत शिरून पेशी फुटू नयेत. अलीकडे काही लॅब फक्त पहिल्या मिनिटावर काम भागवून भ्रूण थेट इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. त्यानेही जगण्याचं प्रमाण घटलेलं दिसत नाही.

यानंतर जे दिसतं ते बघून नवखा घाबरेल. भ्रूण आक्रसलेलं, काळपट, सुरकुतलेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांत त्यावर शिक्का मारायचा नसतो. दोन-तीन तास इन्क्युबेटरमध्ये ठेवलं की जिवंत भ्रूणाच्या कडेच्या पेशी पाणी आत ओढू लागतात, पोकळी परत दिसू लागते, भ्रूण फुगतं. हे फुगणं हीच आमची मोठी खूण. मेलेल्या पेशी वेगळ्या ओळखू येतात: गडद, दाणेदार, कडा विरलेल्या. ब्लास्टोसिस्टमध्ये शंभराच्या वर पेशी असतात, त्यातल्या थोड्या गेल्या तरी बाकीच्या काम पुढे नेतात. तीन-चतुर्थांशाहून जास्त पेशी शाबूत असतील तर आम्ही ते जगलं म्हणतो. तिसऱ्या दिवशीच्या, आठ पेशींच्या भ्रूणात निम्म्या पेशी शाबूत असल्या तरी "जगलं" अशी नोंद होते, पण आठच्या आठ असणाऱ्याची आणि चार उरलेल्याची पुढची वाट सारखी नसते. म्हणून एखादी लॅब ९८ टक्के सांगते आणि दुसरी ९३, तेव्हा दोघींनी मोजायला एकच निकष वापरला आहे का, हे आधी बघावं लागतं.

आता तो कागद. तो मागा, आणि त्यावर चार गोष्टी शोधा. पहिली, भ्रूण पट्टीवर सापडलं होतं का? कधी कधी, क्वचितच, थॉ करताना भ्रूण पट्टीला चिकटून राहतं किंवा हाताळणीत हरवतं. ते "जगलं नाही" नव्हे, "सापडलं नाही", आणि दोन्हींची कारणं पूर्णपणे वेगळी. फोनवर मात्र दोन्ही एकाच वाक्यात सांगितली जातात. दुसरी, किती वेळ वाट बघितली? वीस मिनिटांत रद्द ठरवलं की तीन तासांनी? तिसरी, किती पेशी गेल्या, सगळ्या की काही? सगळ्या पेशी एकदम फुटलेल्या असतील तर संशय गोठवण्यावर, साठवणीवर किंवा वर काढण्याच्या पद्धतीवर जातो. काही पेशी जिवंत पण भ्रूण फुगलंच नाही, असं असेल तर भ्रूणाची स्वतःची ताकद कमी होती असं मानायला जागा आहे. चौथी, गोठवताना त्याची ग्रेड काय होती आणि ते पाचव्या दिवशी तयार झालं की सहाव्या. कमी ग्रेडची, थोडी मागे राहिलेली भ्रूणं जास्त गळतात. तुमच्या तिघांपैकी कुठलं आधी काढलं हेही त्यावर दिसेल. सहसा आम्ही सगळ्यात चांगलं आधी काढतो. तसं केलं असेल आणि ४एए दर्जाचं भ्रूण सगळ्या पेशी फुटून गेलं असेल, तर मी त्या लॅबला आणखी प्रश्न विचारीन.

लॅबकडे स्वतःचा आकडाही मागा: गेल्या वर्षभरात किती ब्लास्टोसिस्ट थॉ केले आणि त्यातले किती जगले. २०१७ च्या व्हिएन्ना इथल्या आंतरराष्ट्रीय सहमतीत लॅबची किमान पात्रता ९० टक्के आणि उत्तम दर्जा ९९ टक्के असा धरला आहे. "आमचं सगळं उत्तम आहे" हे उत्तर नव्हे. दोन आकडे सांगायला चांगल्या लॅबला दोन मिनिटं लागतात. आकडे मागितल्यावर जिथे चेहरे पडतात तिथे आकडे मोजलेच जात नाहीत, असा माझा अनुभव.

वर्षभर ठेवल्यामुळे खराब झालं का? नाही. उणे १९६ ला पेशीतली सगळी रासायनिक घडामोड थांबलेली असते. तिथे एक वर्ष आणि दहा वर्षं यांत जगण्याच्या दृष्टीने फरक पडत नाही. वर सांगितलेली जुळी तीस वर्षांनी झाली. भ्रूणाचं वयही वाढत नाही. तुम्ही ३२ व्या वर्षी ठेवलेलं भ्रूण तुमच्या ३६ व्या वर्षीही ३२ चंच. धोका काळाचा नसतो, टाकीचा असतो. आणि इथे ते सासरे बरोबर ठरतात. ही टाकी विजेवर चालत नाही. ती थर्मासच्या जातीची दुहेरी भिंतीची बाटली आहे, त्यामुळे लोडशेडिंगने काही बिघडत नाही. बिघडतं ते नायट्रोजन उडून जाऊन पातळी खाली गेली तर, किंवा भिंतीमधला निर्वात भाग गळू लागला तर. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांतल्या दोन केंद्रांच्या टाक्या एकाच शनिवार-रविवारी बिघडल्या आणि हजारो बीजं आणि भ्रूणं धोक्यात आली. त्यानंतर जगभर पातळीचा अलार्म, रात्रीचा फोन, दुसरी रिकामी तयार टाकी, या गोष्टी गांभीर्याने घेतल्या जाऊ लागल्या. तुमच्या लॅबमध्ये पातळीची वही आहे का, आणि अलार्म रात्री कुणाच्या फोनवर वाजतो, हे विचारायला लाजू नका. आणखी एक बारीक गोष्ट: दुसऱ्या कुणाची पट्टी शोधताना तुमची पट्टी टाकीच्या तोंडापर्यंत वर येते. ती तिथे फार वेळ, वारंवार राहिली तर तापमान वर चढून इजा होऊ शकते. नीट मांडणी आणि नोंद असलेल्या टाकीत हे होत नाही.

भारतात २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे भ्रूणं जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात, हेही लक्षात असू द्या. दरवर्षीचं साठवणीचं शुल्क आणि संमतीपत्र चालू ठेवा.

जगलं तरी गर्भ राहील का? हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. जगण्याचे ९५ टक्के आणि गर्भ राहण्याचे टक्के यांत लोक फार गल्लत करतात. पस्तिशीच्या आतल्या स्त्रीचा चांगला, नीट फुगलेला ब्लास्टोसिस्टही चांगल्या केंद्रात निम्म्याच्या आसपासच वेळा रुजतो. उरलेल्या वेळी कारण बहुधा गोठवणं नसतं, गुणसूत्रांतला दोष असतो. पस्तिशीच्या सुमाराला ब्लास्टोसिस्टपैकी साधारण एक-तृतीयांशात तो असतो, चाळिशीत निम्म्याहून जास्तींत. असं भ्रूण थॉमधून छान जगतं, फुगतं, सुंदर दिसतं आणि रुजत नाही. बीटा, म्हणजे गर्भ राहिला का हे सांगणारी रक्तचाचणी, निगेटिव्ह आली म्हणजे थॉ चुकलं असं समजू नका. आणि तुमच्या लायनिंगचा, खाण्याचा, प्रवासाचा, ताणाचा त्या सकाळच्या थॉशी काडीचा संबंध नव्हता. भ्रूण तेव्हा तुमच्या शरीरात नव्हतंच.

बाळात दोष राहील का, ही काळजी घरातली मोठी माणसं हमखास बोलून दाखवतात. गोठवलेल्या भ्रूणांतून आजवर जगभर लाखो मुलं जन्मली आहेत, आणि ताज्या ट्रान्सफरच्या तुलनेत त्यांच्यात जन्मजात व्यंगांचं प्रमाण वाढलेलं आढळत नाही. या टप्प्यावर पेशी गेली तर तिच्या जागी "अर्धं बाळ" तयार होत नाही. एक तर बाकीच्या पेशी भरून काढतात, नाहीतर भ्रूण रुजतच नाही. दोन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. गोठवलेल्या भ्रूणाची बाळं सरासरी थोडी वजनदार असतात. आणि ज्या चक्रात बीज न फुटता फक्त गोळ्यांवर लायनिंग तयार करतात, त्यात गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो, कारण बीज फुटल्यावर अंडाशयात जी ग्रंथी तयार होते ती इथे नसते. तुमचं आधीचं चक्र गोळ्यांचं होतं. पुढच्या वेळी नैसर्गिक चक्र, किंवा पाळी अनियमित असेल तर लेट्रोझोल देऊन बीज फोडून घेतलेलं चक्र शक्य आहे का, हे डॉक्टरांना विचारा. थॉवर त्याचा परिणाम नाही, गरोदरपणावर आहे.

आणि ताजं ट्रान्सफर टाळलं म्हणून डॉक्टरांना दोष देऊ नका. पीसीओएस (अंडाशयात अनेक लहान पुटकुळ्या आणि अनियमित पाळी) असलेल्या स्त्रियांवर चीनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत, २०१६ मध्ये, सगळी भ्रूणं गोठवून नंतर ट्रान्सफर केल्यावर मूल होण्याचं प्रमाण जास्त आणि ओव्हरी सुजण्याचं प्रमाण कमी दिसलं. नियमित बीज फुटणाऱ्या स्त्रियांमध्ये, २०१८ च्या चीन आणि व्हिएतनाममधल्या चाचण्यांत, ताजं आणि गोठवलेलं यांत फरक दिसला नाही. तुमच्यासारख्या धोक्यात गोठवणं हाच शहाणपणाचा मार्ग होता.

पुढच्या खेपेसाठी एक गोष्ट आजच विचारून घ्या, कारण तुमच्या हकिकतीत मला तीच खटकली: पहिलं जगलं नाही तेव्हा दुसरं का काढलं नाही? लायनिंग तयार होतं, ते भ्रूणासाठी पक्कं करणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सुरू होतं, दुपारपर्यंत वेळ होता. बहुतेक ठिकाणी आधीच लेखी घेऊन ठेवतात की पहिलं नाही जगलं तर दुसरं काढायचं का. तुमची संमती नव्हती म्हणून थांबले असतील तर ते बरोबरच केलं. यावेळी ती आधी देऊन ठेवा, आणि त्या सकाळी दोघांपैकी एकाचा फोन सुरू राहू द्या. उरलेली दोन भ्रूणं वेगवेगळ्या पट्ट्यांवर आहेत का एकाच, हेही विचारा. एकाच पट्टीवर असतील तर एक काढता येत नाही, दोन्ही एकदम वर येतात. मग दोन्ही ट्रान्सफर करायची की एक परत गोठवायचं हा निर्णय घाईत घ्यावा लागतो. परत गोठवता येतं, पण त्यात काही ना काही तोटा होतो, म्हणून ती वेळ न आलेली बरी.

जाता जाता: अमावस्या टाळून तारीख हवी असणारी जोडपी बरीच असतात, आणि मला त्याचं वावडं नाही. फक्त ते प्रोजेस्टेरॉन सुरू करण्याआधी सांगा. गोळ्यांच्या चक्रात ते एक-दोन दिवस मागेपुढे करता येतं. एकदा सुरू झालं की पाचव्या दिवसाच्या भ्रूणाचा ट्रान्सफरचा दिवस ठरून जातो आणि मग पंचांग आम्हाला मदत करू शकत नाही.

दवाखाना बदलण्याबद्दल माझं मत असं. एक भ्रूण न जगणं हे एवढ्यासाठी पुरेसं कारण नाही. गोठवलेली भ्रूणं हलवता येतात. त्यासाठी ड्राय शिपर नावाची टाकी असते, जिच्या अस्तरात नायट्रोजन शोषलेला असतो आणि जी बरेच दिवस तापमान धरून ठेवते. पण प्रत्येक हलवण्यात उचल-ठेव वाढते. शिवाय नवी लॅब तुमच्या लॅबची पट्टी आणि किट वापरत नसेल तर हाताला सवय नसलेलं थॉ करावं लागतं. ते बहुधा जमतं, तरी पहिल्या लॅबकडून गोठवण्याची पद्धत, किटचं नाव आणि पट्टीचा प्रकार लेखी घेऊनच जायचं. दोघांची संमती लागते आणि दोन्ही केंद्रं कायद्याखाली नोंदणीकृत असावी लागतात. तुमची लॅब थॉ-शीट दाखवते, वर्षाचा आकडा सांगते आणि समोर बसून बोलते, तर तिथेच राहा. शीट नाही, आकडा नाही आणि "देवाची मर्जी" एवढंच उत्तर मिळत असेल, तर हलवा. पण त्या आधी नव्या लॅबच्या भ्रूणतज्ज्ञाला, डॉक्टरला नव्हे, एकदा भेटा आणि तुमच्या उरलेल्या दोन भ्रूणांची ग्रेड, दिवस आणि पट्टी सांगून त्याला विचारा की ही तू वर काढशील का.